मधल्या सुट्टीत तिथे कोण उभं असतं?

शाळेतून आलेलं मूल दप्तर दारातच टाकतं आणि थेट संडासाकडे धावतं. असं रोज व्हायला लागलं की आई विचारते, "शाळेत जाऊन यायला काय होतं रे तुला?" मूल म्हणतं, "घाण असते तिथे." ते खोटं नसतं, म्हणून विषय तिथेच संपतो. पण दर वेळी कारण तेवढंच नसतं. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या दाराशी वरच्या वर्गातली तिघं-चौघं उभी असतात. कोणी एकटं आत गेलं की बाहेरून कडी लावतात, वरून पाणी टाकतात, चड्डी ओढतात, आणि हे सगळं हसत हसत चालतं. मग ते मूल स्वतःपुरता उपाय शोधतं: पाणीच प्यायचं नाही. बाटली सकाळी भरून जाते आणि दुपारी भरलेलीच परत येते. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली की डॉक्टर औषध देतात आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. मूल पाणी का पीत नाही, हे कोणीच विचारत नाही.

शाळेतल्या छळाची खूण बहुधा अशीच असते. फाटका शर्ट किंवा फुटलेला ओठ क्वचित दिसतो, आणि तो दिसला तर घरचे विचारतातच. न विचारल्या जाणाऱ्या गोष्टी जास्त आहेत. मूल घरी आल्यावर अधाशासारखं जेवतं, कारण डबा दुसऱ्याच कोणी संपवलेला असतो. महिन्यात तिसरी कंपासपेटी हरवते. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागतं आणि सोमवारी शाळा बुडली की दुपारपर्यंत बरं वाटतं. व्हॅन ठरलेली असताना "तूच सोडायला ये" असा हट्ट सुरू होतो, आणि सोडल्यावरही घंटा होईपर्यंत मूल फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. यातली एखादी गोष्ट एकदा घडली तर काळजी करू नये. दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर मात्र शांतपणे चौकशी करायलाच हवी.

आपल्याकडे या प्रकाराला एक नेमका शब्द नाही, आणि त्याने बरंच नुकसान केलं आहे. चिडवणं, डिवचणं, खोड्या काढणं, दादागिरी, वाळीत टाकणं असे त्याचे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा सुटा पाहिला की किरकोळ वाटतो. म्हणून इथे मी 'छळ' हाच शब्द वापरणार आहे. तो जड आहे, पण वजन योग्य आहे. डॅन ओल्वेउस या स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून या विषयावर काम केलं आणि छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या: समोरच्याला दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या बळातली तफावत. यातली तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची. बळ म्हणजे दंडाची ताकद एवढंच नव्हे. मागे उभी असलेली चार मुलं, वर्गातलं वजन, वय, पैसा, जात, भाषा हे सगळं बळच आहे. दोन सारख्या ताकदीची पोरं मैदानात एकमेकांना लोळवतात ते भांडण; संध्याकाळपर्यंत ते मिटतं. एक मूल रोज घाबरतं आणि दुसऱ्याला त्याची भीती मजेची वाटते, तेव्हा मस्करीची कुस्करी केव्हाच होऊन गेलेली असते.

अशा वेळी मुलाला घरातून दोनच सल्ले मिळतात. "दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील," हा एक. "रडत काय येतोस, तू पण दे दोन ठेवून," हा दुसरा. दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिले जातात आणि दोन्ही बहुतेक वेळा फसतात, कारण दोन्हींत सगळा भार एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकलेला असतो.

दुर्लक्ष चालतं ते बघ्यांशिवाय. कोणी एकटा गाठून एखादा टोमणा मारत असेल तर प्रतिसाद न देण्याने त्याची मजा जाते. पण छळ सहसा एकांतात होत नाही. करणाऱ्याला हवी असलेली दाद भोवतीच्या पोरांकडून मिळते. तुमचं मूल खाली मान घालून बसलं तरी मागच्या दोन बाकांवर हशा पिकतोच, आणि उद्याचा प्रयोग आणखी रंगतो. 'दोन दे' हा सल्ला तर बळाची तफावत विसरूनच दिलेला असतो. देण्याची ताकद असती तर मुलाने ती कधीच वापरली असती. शिवाय वर्गात एक गोष्ट हमखास घडते: पहिला चिमटा, पहिली टपली कोणाला दिसत नाही, वैतागून उलटा मारलेला फटका बाईंना बरोबर दिसतो. शिक्षा कोणाला होते ते सांगायला नको. छळ करणाऱ्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. समोरच्याला भडकवून त्यालाच अडकवणं हा त्यांचा ठरलेला डाव असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की मुलाला खंबीर बनवण्याआधी त्याच्या भोवतीची गर्दी आणि त्याच्यासाठी जबाबदार असलेली मोठी माणसं हलली पाहिजेत. टोरांटोमधल्या शाळांत संशोधकांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून छळाचे ३०० हून अधिक प्रसंग टिपले. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यातलं कोणी मध्ये पडलं असे प्रसंग मात्र पाचातला एकही भरत नव्हते. आणि जेव्हा कोणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! ज्याला आपण महिनोनमहिने सोसायला सांगतो, ते एका मुलाच्या "ए, सोड ना त्याला" या वाक्याने थांबू शकतं. हे वाक्य बोलायची सवय शाळेने लावली पाहिजे, आणि ते बोलणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी मोठं माणूस आहे याची खात्रीही द्यायला हवी. नाहीतर उद्या त्याचाच नंबर लागतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' नावाचा कार्यक्रम नेमका याच धाग्यावर उभा आहे. ख्रिस्तिना सालमिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: छळ करणारा, त्याला हात देणारे, हसून दाद देणारे, बघून न बघितल्यासारखं करणारे, आणि बाजू घेणारे. छळाचा प्रसंग हाताळताना तिथले शिक्षक वर्गातली दोन ते चार समंजस, वजनदार मुलं निवडतात आणि त्यांच्यावर एक साधं काम सोपवतात: या मुलाला एकटं पडू देऊ नका. आपल्या वर्गात हे करायला एक पैसा लागत नाही. मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर डबा खायचा, कबड्डीत त्याला आपल्या बाजूला घ्यायचं, व्हॅनमध्ये शेजारी बसायचं. एवढंच सांगायचं. 'त्याचं रक्षण करा' असं सांगू नये. मुलांवर पोलीसगिरी टाकली की नवी भांडणं सुरू होतात. छळणारा आणि छळलेला यांच्यात पंच म्हणून मुलांनाच बसवण्याचाही मोह टाळावा. जिथे बळच सारखं नाही तिथे तडजोड होत नाही. दुबळ्याने माघार घेतली की तिला तडजोड म्हणायचं, एवढंच होतं.

पण बघे केवळ मुलंच असतात असं नाही, आणि इथे आपल्याला आरशात बघावं लागेल. गावाकडून पुण्या-मुंबईच्या शाळेत आलेलं मूल वाचायला उभं राहतं आणि 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणतं. वर्ग हसतो. बाई रागावत नाहीत, त्याही हलकंसं हसतात आणि म्हणतात, "पानी नाही रे, पाणी. ण, ण बाणातला." एवढं पुरतं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'पानी' पडतं. मैदानात, जिन्यात, व्हॅनमध्ये तीच हाक. पंधरा दिवसांत ते मूल वर्गात हात वर करणं सोडतं. बाईंनी छळ केला असं म्हणता येणार नाही, पण परवानगी त्यांच्या हसण्यातून मिळाली. ज्या मुलाच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलली जाते, ज्याच्या आडनावावरून जात ओळखली जाते, ज्याची फी सरकार भरतं, जो तोतरं बोलतो, ज्याचा रंग सावळा आहे, त्या प्रत्येकाला मुलांनी दिलेल्या नावाच्या मागे कुठेतरी मोठ्यांचं बोलणं असतं. ढापण्या, जाड्या, बायल्या ही नावं मुलं पोटातून शिकून येत नाहीत. जातीवरून, 'फुकट्या' म्हणून किंवा कोणाच्या अपंगत्वावरून हाक मारली गेली तर ती पहिल्याच वेळी तिथल्या तिथे थांबवली पाहिजे. 'पुन्हा पुन्हा घडण्या'ची वाट बघायची गरज नाही. शिक्षकांनी स्वतःपासून सुरुवात करावी: वर्गात कोणत्याही मुलाला टोपणनावाने हाक मारू नये, लाडाच्याही.

अशी आणखी एक सवय आहे जी आपल्याला सवय वाटतच नाही. बाई वर्गाबाहेर जाताना मॉनिटरला सांगतात, "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही." दहा वर्षांच्या मुलाच्या हातात खडू येतो आणि त्याबरोबर साठ मुलांवरची सत्ता येते. कोणाचं नाव लिहायचं, कोणापुढे फुल्या वाढवायच्या, कोणाचं नाव चॉकलेटच्या बदल्यात पुसायचं हे तो ठरवतो. फळ्यावर रोज तेच नाव दिसत असेल तर बाईंना ते मूल वात्रट वाटायला लागतं. ही प्रथा बंद करावी, हे माझं स्पष्ट मत आहे. मॉनिटरने वह्या गोळा कराव्यात, पंखे-दिवे बंद करावेत. शिक्षेची यादी करणं हे त्याचं काम नव्हे.

आता घरी काय करायचं ते बघू. मूल पहिल्यांदा तोंड उघडतं ती वेळ फार नाजूक असते. ते बहुतेकदा समोरासमोर बसून सांगत नाही, स्कूटरवर मागे बसून, अंधारात झोपताना, किंवा "आमच्या वर्गात एक मुलगा आहे ना, त्याला सगळे..." असं दुसऱ्याचं नाव पुढे करून सांगतं. त्या वेळी तीन वाक्यं गिळावीत: "तू काहीतरी केलं असशील", "तू का सांगितलं नाहीस इतके दिवस", आणि "थांब, उद्याच येतो शाळेत, बघतो एकेकाला". पहिल्या वाक्याने मूल गप्प होतं, दुसऱ्याने अपराधी वाटतं, तिसऱ्याने घाबरतं, कारण उद्या बाबा येऊन जातील आणि परवा तेच टोळकं त्याला गाठेल. त्याऐवजी एवढं म्हणावं: "सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी चूक नाही. काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, तुला न विचारता मी काही करणार नाही." शेवटचं वचन पाळावंही लागतं. अपवाद एकच. जिवाला धोका असेल, लैंगिक प्रकार असेल किंवा मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर मुलाला सांगून पण त्याच्या परवानगीसाठी न थांबता लगेच पावलं उचलावीत.

त्याच रात्री एक वही करावी. पानावर पाच रकाने: तारीख आणि वेळ, जागा, कोणी, नेमकं काय केलं किंवा बोललं, आणि तिथे आणखी कोण होतं. मुलाचेच शब्द लिहावेत, आपला निष्कर्ष नको. 'खूप त्रास देतात' या वाक्याचा शाळेत काही उपयोग होत नाही. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात डबा उलटा केला. दोघं हसत होते, एक जण बाजूला उभा होता' याचा होतो. आठवड्याभरात त्या वहीतून एक नकाशा तयार होतो. दहा प्रसंगांतले आठ एकाच जागी, एकाच वेळी घडलेले दिसतात. बहुतेक शाळांत त्या जागा त्याच असतात: जिन्याचं वळण, स्वच्छतागृह, पाण्याच्या नळाची रांग, मैदानाचा मागचा कोपरा, व्हॅनची मागची सीट, आणि तास संपून दुसरे शिक्षक येईपर्यंतची पाच मिनिटं.

मुलाला शिकवायचं काही नाही असं मी म्हणत नाही. शिकवायचं, पण लढायला नव्हे. निसटायला, बोलायला आणि मदत मागायला. त्यासाठी रोज पाच मिनिटं, सलग सहा-सात दिवस, घरात सराव करावा. बाबा छळणाऱ्याची भूमिका घेतात आणि मूल उत्तर देतं. वाक्य आखूड हवं आणि त्यात प्रश्न नको. "का त्रास देतोस?" असं विचारलं की समोरच्याला बोलायला आयतं निमित्त मिळतं. "बास. मला हे चालणार नाही." एवढं बोलायचं, नजर समोर, आवाज पोटातून पण ओरडून नाही, आणि उत्तर ऐकायला न थांबता माणसं असतील त्या दिशेला चालू लागायचं. किरकोळ टोमण्याला "बरं" किंवा "हो का" असं थंड उत्तर चालतं. डबा, पैसे, पेन ओढलं तर झोंबाझोंबी करायची नाही; वस्तू सोडायची आणि सरळ शिक्षकांकडे जायचं. सरावात चूक होते ती आपलीच: बाबा भूमिकेत रंगतात, मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते बघून आणखी समजावलं जातं. तसं झालं तर तिथेच थांबावं, भूमिका बदलाव्यात. मुलाने दादा व्हावं, बाबांनी घाबरावं. तेव्हा मूल हसतं आणि मोकळं होतं. आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगावी: हे वाक्य उपयोगी पडलं नाही तर दोष तुझा नाही, तेव्हा मोठ्यांनी पुढे यायचं असतं.

मदत मागण्याचंही एक वाक्य पाठ असू द्यावं. "बाई, मला मदत हवी आहे. चार दिवस रोज मधल्या सुट्टीत हे होतंय आणि मला थांबवता येत नाहीये." हे वाक्य बोलता न येण्याचं मोठं कारण म्हणजे 'चुगलखोर' हा शब्द. मुलं तो मुलांना म्हणतात, पण तो टिकून आहे मोठ्यांमुळे. "रोज उठून तक्रारी! जा, जागेवर बस," हे ऐकलेलं मूल पुन्हा कधी येत नाही. मुलांना फरक सोप्या शब्दांत समजतो: कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं तर ती चुगली, कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला हे ऐकून घेणं सोपं नाही, त्यात निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं शिक्षकांच्या डोक्यावर असतात, हे मान्यच आहे. म्हणूनच ऐकण्याची वेळ वेळापत्रकात हवी. आठवड्यातून एक तास वर्गशिक्षकांसाठी मोकळा, आणि त्यात महिन्यातून एकदा प्रत्येकाला एक चिठ्ठी: आपल्या वर्गात कोण एकटं पडतं, कोणत्या जागेची भीती वाटते. स्वतःचं नाव लिहायचं नाही, पण कोरी चिठ्ठी असली तरी प्रत्येकाने टाकायची, म्हणजे कोणी लिहिलं हे कोणालाच कळत नाही.

तक्रार आल्यावर शाळेत जे सहसा होतं ते असं: दोघांना समोरासमोर उभं करतात, दोघांनाही थोडं थोडं रागावतात, "चला, हात मिळवा, सॉरी म्हणा," आणि प्रकरण मिटलं. हात मिळवतानाच छळणारा मुलगा बोटं किती जोरात दाबतो, हे फक्त एकालाच कळतं. सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारणं तर त्याहून घातक. योग्य क्रम वेगळा आहे. त्याच दिवशी छळ सोसणाऱ्याला एकटं भेटावं. मग पाहणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना वेगवेगळं. शेवटी करणाऱ्यांना एकेक करून, एकापाठोपाठ, मधे त्यांना आपसांत बोलायला वेळ न देता. प्रत्येकाला दहा मिनिटं पुरतात. "कोणी सांगितलं" हे कधीही उघड करायचं नाही. त्यासाठी करणाऱ्यांना बोलावण्याआधी एक-दोन दिवस शिक्षकांनी त्या जागी स्वतः उभं राहून डोळ्यांनी बघितलेलं असलं तर उत्तम. "तू असा का वागलास?" या प्रश्नाला मुलांकडे फक्त सबबी असतात. "तो सध्या फार त्रासात आहे. उद्यापासून तू काय वेगळं करशील?" या प्रश्नाला कृती सांगावी लागते. ती लिहून घ्यावी. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दोघांना वेगवेगळं विचारावं. बहुतेक शाळा पहिल्या बैठकीनंतर थांबतात आणि छळ आठवड्याभराने, अधिक गुपचूप, पुन्हा सुरू होतो. छळलेल्या मुलाची तुकडी बदलणं हाही असाच सोयीचा पण चुकीचा उपाय. सगळ्या शाळेला त्यातून एवढंच कळतं की जो तक्रार करतो तो हलवला जातो.

छळ करणारा मुलगाही शाळेचाच आहे, हे विसरून चालत नाही. तो घरी मार खाणारा, न्यूनगंडाने पछाडलेला असतो असा एक समज आहे. काही असतात. पण बरेच जण हुशार, लोकप्रिय, शिक्षकांचे लाडके असतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर संशय जात नाही. त्यांच्या पालकांना बोलावताना 'तुमचा मुलगा गुंड आहे' असं म्हटलं की पुढचा अर्धा तास वकिली ऐकण्यात जातो. तारीख, जागा आणि कृती एवढंच सांगावं. शिक्षा कृतीशी जोडलेली असावी: व्हॅनमध्ये छळ केला तर महिनाभर पुढच्या सीटवर चालकाशेजारी; मैदानावर केला तर आठवडाभर मधली सुट्टी शिक्षकांच्या नजरेसमोर. छडी तर नकोच. बळवान माणूस दुबळ्याला मारू शकतो हाच धडा तो आधीच शिकलेला आहे. 'दाखला हातात देऊ' ही धमकीही पोकळ आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकताच येत नाही.

कायद्याचं चित्र एकंदर असंच अपुरं आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण दिलं, पण कारवाई सेवानियमांनुसार, म्हणजे नोकरीवर असलेल्या माणसांवर. मुलाने मुलाचा केलेला छळ त्यातून निसटतो. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करण्याचं बंधन आहे. पण तो महाविद्यालयं आणि वसतिगृहं डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा आहे, आणि पाचवीतल्या मुलाला कैदेची भाषा लावावी असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य आपल्या दंडविधानात गुन्हाच मानलं जात नाही. शाळांसाठी गरज आहे ती तुरुंगाची नव्हे, कार्यपद्धतीची: तक्रार कोणाकडे करायची, किती तासांत ऐकली जाईल, नोंद कुठे होईल, पाठपुरावा कोणत्या तारखांना होईल, आणि हे न केल्यास जबाबदार कोण. रॅगिंगच्या कायद्यातलं सात दिवसांचं बंधन तेवढं उचलावं आणि शाळांसाठी ते दोन दिवसांवर आणावं, अशी माझी मागणी आहे.

बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांतले सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत निर्देश दिले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. हे सगळं हवंच आहे. पण स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, कॅमेऱ्याला टोमणा ऐकू येत नाही, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलासमोर टांगलेल्या पेटीत चिठ्ठी टाकायला कोणतंही मूल धजत नाही. पेटी जिन्यात किंवा ग्रंथालयाजवळ, दर आठवड्याला ठरलेल्या वारी आणि दोघांनी मिळून उघडलेली असावी. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत हे दुप्पट काटेकोर हवं. तिथे मुलाला संध्याकाळी घरी सुटका नसते. छळ रात्रीच्या खोलीपर्यंत येतो आणि तक्रार ज्या अधीक्षकांकडे करायची ते एकच असतात. तिथे मुलाला बंद दाराआड घरी फोन करता आला पाहिजे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असला पाहिजे.

मोबाईलवरच्या छळाचं थोडक्यात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या फोटोचं स्टिकर करणं, त्याला वगळून नवा ग्रुप काढणं, इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाचं खोटं खातं उघडणं हे प्रकार आता पाचवी-सहावीपासून दिसतात. उत्तर देऊ नये, लगेच डिलीट करू नये. तारीख, वेळ आणि क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मगच ब्लॉक करावं. मजकूर लैंगिक असेल तर तो पुरावा म्हणूनही दुसऱ्या कोणाला पाठवू नये, थेट पोलिसांकडे किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर जावं. मुलाचा फोन मात्र काढून घेऊ नये. "सांगितलं तर फोन जाईल" या एकाच भीतीने किती मुलं गप्प बसतात, याचा विचार करावा.

केंब्रिज विद्यापीठातल्या डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया तोफी या संशोधकांनी जगभरातल्या छळविरोधी कार्यक्रमांचे निकाल एकत्र तपासले तेव्हा छळ सरासरी पाचव्या हिश्श्याने कमी झालेला दिसला. आकडा मोठा नाही, आणि म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. परिणामाशी जोडलेल्या गोष्टींत दोन अगदी साध्या होत्या: पालकांच्या बैठका, आणि मैदानावर मोठ्यांची चांगली देखरेख. भित्तिपत्रकं, शपथा, प्रभातफेऱ्या यांच्यावर आपला जेवढा वेळ जातो त्याचा थोडा भाग जिन्यात आणि नळापाशी उभं राहण्यात गेला तर जास्त उपयोग होईल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ही तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. जूनच्या पहिल्या बैठकीत गणवेश, सहल आणि स्नेहसंमेलनाच्या आधी एक प्रश्न विचारावा: मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ, जिन्यात आणि मागच्या मैदानात कोण उभं असतं? "सगळ्यांचं लक्ष असतं" हे उत्तर घेऊन उठू नये. सोमवार ते शनिवार, प्रत्येक जागेपुढे एकेक नाव लिहिलेला कागद मागावा, आणि पंधरा दिवसांनी एखाद्या मधल्या सुट्टीत जाऊन बघावं.